अंपायरचे बोट

विषय : मौजे उंबरटेक येथील रावसाहेब खर्डे हे क्रिकेटमध्ये बाद होऊ शकतात किंवा कसे, याबाबत.
संदर्भ : रावसाहेबांचा स्वहस्ते लिहिलेला कागद.

उपरोक्त विषयी हकीकत अशी की, गावच्या क्रिकेट क्लबचे नाव ‘नवजवान’ असून कर्णधार शिवराम ढोणे यांनी गेल्याच महिन्यात धाकट्या मुलीचे लग्न उरकले. मैदान रावसाहेबांच्या मालकीचे. दर हंगामाचे उद्घाटन त्यांच्याच फलंदाजीने होई. ते कधी बाद झाल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते, कारण अंपायर नेहमी त्यांचेच कारभारी, गणपतराव जोगळे.

यंदा रविवारी टाकेवाडीशी पहिला सामना ठरला होता. सगळे गाव राबले. पुरुषांनी दगडगोटे वेचले, बायकांनी खेळपट्टी अशी सारवली की तिच्यावर पंगत बसवावी. आदल्या दिवशी उद्घाटनाला आलेल्या रावसाहेबांनी चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाले, “वा! जागा छान सपाट केलीत. इथे मंगल कार्यालय बांधतो!”

“आणि आम्ही खेळायचं कुठं?” शिवराम कळवळला.

“तुम्हाला खेळता येतं? मग मला एकदा आउट करून दाखवा! केलंत तर मैदान क्लबचं. सूर्य मावळेपर्यंत नाही जमलं, तर सोमवारी पाया खणतो.”

“अंपायर कोण?”

“गणपतराव!”

क्लबने एकमुखाने सुस्कारा सोडला. रावसाहेबांना सगळे लेखी लागे. त्यांनी धावांच्या वहीतले एक पान फाडून लिहिले : ‘अंपायरने बोट वर केले की फलंदाज बाद. बोट का वर केले किंवा का केले नाही, याचे कारण कोणीही विचारावयाचे नाही.’ खाली झोकदार सही. मग कारभाऱ्यांना बजावले, “माझ्या परवानगीशिवाय जागचं हलायचं नाही. आणि मी खेळत असताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. माझं लक्ष उडतं!”

कागद सगुणाकडे आला. ही कोंडीबा ढमाल्यांची लेक. सकाळी डेअरीत दुधाचे फॅट मोजायची, सामना असला की धावा मांडायची. तिने कागद दोनदा वाचला.

“रावसाहेब, यात मागाहून खाडाखोड नाही ना?”

“खर्ड्यांचा शब्द आहे, पोरी! कानामात्रा बदलणार नाही.”

खेळ सुरू झाला. पहिल्याच चेंडूवर मधली दांडी उडाली. कारभाऱ्यांनी मान हलवून नकार दिला.

“ट्रायल बॉल!” रावसाहेबांनी खुलासा केला.

दुसऱ्या चेंडूवर दांडी पुन्हा उडाली. “वाऱ्यानं!” तिसऱ्यावर सरळ झेल गेला. “झेलणाऱ्याच्या पायात चपला आहेत. मैदान म्हणजे देऊळ, चपला चालत नाहीत!” चौथा चेंडू त्यांच्या पायावर आदळला. “पाय कोणाचा आहे, ते बघा आधी!”

दुपारपर्यंत रावसाहेब अकरा वेळा बाद झाले आणि अकरा वेळा खेळत राहिले.

सगुणा मात्र धावा मांडता मांडता दर थोड्या वेळाने उठे आणि तांब्या घेऊन कारभाऱ्यांकडे जाई. “कारभारीकाका, ऊन काय आहे! ताक घ्या घोटभर.” बोलायला बंदी, मग नको म्हणणार कसे? आणि ताकही फर्मास, जिरे-मीठ लावलेले. कारभाऱ्यांनी सात फुलपात्रे रिचवली.

“आमच्या तोंडाला कोरड, आणि ताक गणपतरावांना?” शिवराम चिडला. “तू कोणाकडून आहेस गं?”

“तुम्ही बॉल टाका, शिवरामदादा. कसाही टाका. थांबू नका म्हणजे झालं.”

चारच्या सुमाराला कारभारी एका पायावरून दुसऱ्या पायावर येऊ लागले. मग त्यांनी पायाला पाय लावून पाहिला. मग कपाळावर घाम आला. हलायची परवानगी नाही, मागायची तर बोलायचे नाही. शिवराम धावत आला, चेंडू सुटला, रावसाहेबांनी तो सोडून दिला, आणि त्याच क्षणी कारभाऱ्यांनी, शाळेत मास्तरांपुढे करावी तशी, धन्यापुढे करंगळी वर केली!

“आउट!” सगुणा ओरडली, आणि सगळे गाव ओरडले.

“आउट कसला?” रावसाहेब गरजले. “ती करंगळी आहे!”

“करंगळी म्हणजे बोट नव्हे का, रावसाहेब? मग खर्ड्यांच्या घरी हाताला बोटं चारच मोजतात वाटतं?”

“आउटचं बोट म्हणजे तर्जनी!”

“कागदावर नुसतं ‘बोट’ आहे. अक्षर तुमचं.”

“अगं, पण त्यानं बोट का वर केलं, ते तरी बघ! सांगा हो गणपतराव, का केलंत?”

“रावसाहेब!” सगुणाने कागद पुढे धरला. “कारण कोणीही विचारायचं नाही!”

तेवढ्यात कारभारी हात जोडून म्हणाले, “मालक, तुम्ही आता खेळत नाही, म्हणून बोलतो. मी जाऊ का?”

आणि उत्तराची वाट न पाहता, सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, ते धोतर सावरत बांधाकडे पळाले.

रावसाहेब बॅटवर रेलून इतके हसले की उरल्यासुरल्या दांड्याही त्यांच्याच धक्क्याने पडल्या. “घ्या मैदान!” ते डोळे पुसत म्हणाले. “आणि पोरी, तुला काय हवं ते माग!”

“मैदानालगतची दोन गुंठे जागा द्या. एक मुतारी बायकांसाठी, एक पुरुषांसाठी.”

“दिली!”

रविवारी ‘नवजवान’ टाकेवाडीकडून चार धावांनी हरले, पण आपल्या मैदानावर हरले. जागेच्या बक्षीसपत्राची नोंद झाली आहे. बांधकामाच्या परवानगीसाठी क्लबने ग्रामपंचायतीकडे तीन प्रतींत अर्ज सादर केला आहे. ग्रामसेवक रजेवर आहेत. अर्ज प्रलंबित आहे.