ताटातला रुतब

अरबांच्या मुलखात, वाळवंटातल्या एका गावात हिलाल नावाचा एक बागायतदार होता. गावाचं पाणी त्याच्या बागेतून पाटानं पुढे जायचं, त्यामुळे गावाची मान त्याच्या हातात होती.

आपण खारीक आणि खजूर म्हणतो आणि मोकळे होतो. त्या लोकांचं तसं नाही. रंग धरलेला, पण दाताखाली कुरकुरणारा तो बुसर. झाडावरच पिकून मऊ झालेला, आतून रसानं ओला तो रुतब. वाळवून गोणीत भरला की तमर. तिथल्या पोराटोरांनाही डोळे मिटून हा फरक कळतो. हे नीट लक्षात ठेवा. पुढे कुणी म्हणायला नको, की बिचाऱ्या बायकांना कळलं नसेल.

त्या गावाची एक रीत होती. मोसमातला पहिला रुतब बाजारात जायचा नाही, बाळंतिणीच्या घरी जायचा. तो पाठवायचा मान हिलालचा. ताट हातोहात, दारोदार फिरत जायचं. प्रत्येक घरची बाई फळाला बोट लावायची, "रुतब" असं मोठ्यानं म्हणायची आणि ताट पुढे द्यायची. ती तिची साक्ष.

त्या वर्षी लुबना बाळंतीण होती. तिच्या अंगातलं सगळं त्राण गेलं होतं. अन्न पोटात ठरत नव्हतं, अंगावर दूध नव्हतं, आणि बाळाला आता रडायचंही बळ नव्हतं. रुतब तेवढा ठरेल, या आशेवर तिची सासू रैहाना दारात बसून होती.

हिलालनं काय करावं? गावावरून जाणाऱ्या एका सरदारापुढे मिरवायला त्यानं पहिला घड नजराणा म्हणून देऊन टाकला. मग गोणीतला जुना तमर पाण्यात भिजवला, वरून तेलाचा हात फिरवला आणि ताटात रचला. ताटामागून स्वतः निघाला, आशीर्वाद गोळा करायला.

पहिलं दार शमाचं. तिचंही मूल अंगावर पीत होतं. बोट लावताच तिला कळलं. पण हिलालकडे नजर गेली, पाण्याची पाळी आठवली. ती म्हणाली, "रुतब." मग पुढचीही तेच म्हणाली. सगळ्या म्हणाल्या.

ताट रैहानापाशी आलं. तिनं बोट लावलं आणि म्हणाली, "तमर."

हिलाल हसला. "मावशी, ओला आहे, मऊ आहे. रुतब म्हणायला आणखी काय लागतं?"

"झाड लागतं," रैहाना म्हणाली.

पुढच्या पाळीला पाणी येणार नाही, असं त्यानं हळूच सुनावलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती दारोदारी उभ्या असलेल्या बायकांकडे वळली.

"हा चोर आहे हे मला ठाऊक होतं. पण तुमच्या बाळंतपणांत मी बोट लावून खरं बोलले होते."

तिनं ताट उचललं आणि आल्या वाटेनं परत फिरवलं. शेजारणीपुढे धरून म्हणाली, "लाव बोट." शेजारीण अडखळली. मग म्हणाली, "तमर." पुढच्यांना सोपं गेलं. त्यांना लाज वाटली असं मी म्हणणार नाही. एकीनं तोंड उघडलं होतं, एवढंच.

शमाच्या दाराशी ताट पोचलं तेव्हा अख्खी गल्ली मागे होती. एका घराचं पाणी तोडता येतं. सगळ्या गावाचं तोडून हिलाल ते ओतणार कुठे? पहिला घड पाठवायचा मान त्याच दिवशी त्याच्याकडून गेला.

पण सरदार पहिला घड घेऊन कधीच निघून गेला होता, आणि दुसरा घड अजून बुसर होता. शमानं मान खाली घालून लुबनाचं बाळ छातीशी घेतलं. घड पिकेपर्यंत ते तिच्या दुधावर जगलं. रैहानानं तिला रोज घरात घेतलं. माफ मात्र केलं नाही.

तात्पर्य: खोटं रचणारा एकटा असतो, ते दारोदार पोचवतात खरं ठाऊक असलेली माणसं. बोटाला कळलेलं जो भीतीपोटी गिळतो, तोही त्या चोरीत वाटेकरी असतो.