बक्कलाच्या दातांतला केस

वस्तू आपापसात बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. एका फणेरपेटीत फणीशेजारी फुलपाखराच्या आकाराचं बक्कल राहायचं. शेवंती नावाच्या मुलीचं जावळ काढल्यावर उगवलेले पहिले मऊ केस त्यानेच धरले होते.

केस स्वप्नासारखे वाढत कमरेला पोचले. "आई, यात आता मावत नाहीत गं," शेवंती म्हणाली.

बक्कलाने दात घट्ट आवळले. शेवंती कळवळली.

"सोड रे त्यांना," फणी म्हणाली. "मी रोज सोडते, तरी रोज येतात की माझ्याकडे."

"मीच सांभाळलंय त्यांना! नाही सोडणार!"

शेवटी आईने बक्कल ओढूनच काढलं.

मोकळे केस वाऱ्यावर झुलत गुडघ्यापर्यंत वाढले. बक्कलाच्या दातांत एक तुटका केस राहिला होता. तो मात्र तेवढाच राहिला.