सर्व्हरचा नकार

एकदा एका ग्रंथालयात दिवाळी अंक आले आणि त्याच दुपारी वीज गेली. वीज परतली तेव्हा वाचकांची रांग पायरीपर्यंत पोचली होती. पण कोणता अंक कोणाकडे गेला हे सांभाळणारा डेटाबेस मात्र परतला नव्हता. तो मागच्या खोलीतील सर्व्हरवर असे. त्याची देखभाल एक वृद्ध गृहस्थ करीत आणि चाळिशीकडे झुकलेली एक शिष्या त्यांच्याकडे हे काम शिकत असे.

शिष्येने नाव घातले, पासवर्ड घातला, सभासदांची यादी मागितली. सर्व्हरने आत घेतले नाही. तिने पुन्हा तेच केले, अधिक जोराने कळा दाबून. पुन्हा तेच झाले.

"बाई, हे अंक याच दिवाळीचे ना?" रांगेतून कोणी विचारले. "नाहीतर आम्ही पुढच्या वर्षी येतो."

"काका, गेला हा," शिष्या हताश होऊन म्हणाली. "तोंडावर नाही म्हणतोय."

वृद्धाने तिला बाजूला सरायला सांगितले. त्यांनी नाव घातले नाही, पासवर्डही नाही. एक छोटी आज्ञा टंकली. ती आज्ञा आत शिरू पाहत नाही, काही मागत नाही. सर्व्हरला एवढेच विचारते की, जोडण्या स्वीकारतोस का? पडद्यावर उत्तर उमटले: नाकारत आहे.

ते वाचून वृद्धाचा चेहरा उजळला. बाहेर जाऊन त्यांनी रांगेला सांगितले, "बसून घ्या जरा. येतोय तो." आणि परत येऊन चहाचे आधण ठेवले.

शिष्येला हे उमगेना. "मला नाही म्हणाला, तुम्हालाही नाहीच म्हणाला. मग चहा कसला?"

"नाही म्हणाला ना? काहीच म्हणाला नसता तर मी घाबरलो असतो." वृद्धाने चहा गाळला. "वीज एकाएकी गेली की हा कामाच्या मध्येच तुटतो. जागा झाल्यावर अर्धवट राहिलेले आधी सावरतो आणि तोवर कोणालाही आत घेत नाही. नकार द्यायलासुद्धा जागे असावे लागते, बाई."

शिष्या कप हातात धरून बसली. चहावर साय धरू लागली तरी तिने घोट घेतला नाही.

"भाऊबीज चार दिवसांवर आली," वृद्ध म्हणाले. "दादाला फोन केलास?"

"नाही करणार. यंदा चंद्रालाच ओवाळीन. ज्यांना भाऊ नाही त्या ओवाळतातच की."

दादा वडिलांशी भांडून दूर गेला होता. वडील गेले तेव्हाही तो आला नव्हता. त्यानंतर प्रत्येक सणाला ती त्याला फोन करी. तो "आत्ता नको" म्हणून ठेवून देई.

"पण उचलतो?"

"उचलतो. दरवेळी."

"आणि तू पहिलं काय विचारतेस?"

तिने कप खाली ठेवला. "बाबांच्या शेवटच्या वेळी का आला नाहीस, हेच. विचारू नको का? बाबा दाराकडे बघत गेले, काका."

"विचार. तुझा हक्कच आहे. पण घरात बसून विचारायची गोष्ट तू उंबऱ्यावरून विचारतेस आणि तो अजून सावरतोय. आधी एवढंच विचार की, आहेस ना? उत्तर घे आणि परत फीर. काही काळाने पुन्हा विचार."

बोलता बोलता त्यांनी तीच आज्ञा पुन्हा दिली. उत्तर आले: स्वीकारत आहे.

रांग हलली. शेवटचा अंक दिल्यावर शिष्या ग्रंथालयाच्या पायरीवर आली आणि तिने फोन लावला.

"दादा, मी. आज काही विचारायचं नाहीये. आहेस ना?"

पलीकडे बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला.

"आहे," तो म्हणाला. मग सवयीने, "आत्ता नको."

"बरं," ती म्हणाली, आणि या खेपेला फोन तिने आधी ठेवला.

भाऊबीजेला तो आला नाही. तिन्हीसांजेला शेजारणी ताटे घेऊन गच्चीवर गेल्या आणि त्यांनी तिलाही हाक मारली. ती गेली नाही. तिने पुढच्या खोलीत पाट मांडला, त्याभोवती रांगोळी काढली, निरांजनात तूप-वात घालून ठेवली आणि दाराची कडी काढली.

ज्याचा नकार अजून ऐकू येतो, त्याचा पाट उचलू नये.