धूर दिसला होता

एक होता राजा, धारोजी त्याचं नाव. त्याचं राज्य ते केवढं, तर डोंगरातली एक खिंड. खिंडीच्या माथ्यावर एक चूल होती, बैलगाडीएवढी. लुटारू दिसले की ती पेटवायची. धूर बघून तीन शेजारी धावून यायचे. त्यांच्याकडे धूर दिसला की धारोजीने धावायचं. गंमत अशी बरं का, चुलीत चारही राज्यांचं लाकूड असलं तरच ती पेटायची. म्हणून शेजारी दरसाल एकेक ओंडका पाठवायचे.

मग काय झालं, दूरदेशीची फौज आली. तोफा घेऊन खिंडीत राखणीला बसली. राजाला वाटलं, आता शेजारी हवेत कशाला? त्यांचे ओंडके त्याने फौजेच्या आंघोळीचं पाणी तापवायला दिले.

वीस वर्षांनी फौज एका सकाळी उठली नि निघून गेली. डोंगरापलीकडे लुटारू जमू लागले. राजाने घरचं लाकूड चुलीत रचलं, वर तूप ओतलं. पण चूल काही पेटेना.

मग राजा अनवाणी निघाला.

पहिला शेजारी म्हणाला, "या, या. पाहुण्यांच्या आंघोळी झाल्या ना नीट?" राजाने मान खाली घातली. ओंडका मिळाला.

दुसऱ्याने राजाला दारातच उभं ठेवलं. ओंडका दिला, पण पाणी विचारलं नाही. राजाला ते जास्त लागलं.

तिसरी म्हातारी राणी येसाई, नात्याने राजाची आत्याच. मागे तिचं गाव लुटलं गेलं, तेव्हा तिने धूर केला होता. धारोजी गेला नव्हता. "धुकं होतं, दिसलं नाही," असा निरोप तेवढा धाडला होता.

येसाईने त्या दिवशीच्या जाळातला अर्धा जळका ओंडका पुढे ठेवला. "धारोबा, हा जळत होता तेव्हा तू कुठं होतास रे?"

राजा म्हणाला, "गच्चीवर होतो, आत्या. धूर दिसला होता. फौजेचा सरदार म्हणाला, आपलं काय जातंय. मग मी खाली येऊन जेवायला बसलो."

येसाईने ओंडका त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "ने हा. तुझ्यासाठी नाही देत. लुटारू तुझ्या खिंडीतून सुटले की माझ्याच दारात येतात."

मग चूल पेटली. धूर आभाळाला भिडला. तीन वाटांनी माणसं आली, नि लुटारू आल्या पावली परतले. राजाने सगळ्यांना स्वतः वाढलं. येसाईच्या पानाशी आला की मात्र त्याची मान वर होईना.

पुढे सगळे सुखात राहिले. राजा रोज गच्चीवर जायचा, आत्याच्या गावाकडे बघायचा. बघून आल्याशिवाय पानावर बसायचा नाही.

मिटा आता डोळे. तो बघतोय तिकडे.