सहा बटणं

"पण मग माझं चुकलं कुठं, बुवा?"

कुमुदने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

बुवा मठाच्या ओसरीवर कांदे निवडत बसले होते. चैत्रातली दुपार. बाहेरच्या रस्त्यावरून कांद्याचे ट्रॅक्टर धूळ उडवत चालले होते. बुवांच्या अंगावर नेहमीसारखं एक उपरणं, बस्स. निफाडची थंडी म्हणजे द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात अशी, पण पौषातही बुवांच्या अंगावर एवढंच असायचं. दर वर्षी कुणी ना कुणी शाल आणून द्यायचं, आणि दर वर्षी ती दुसऱ्याच कुणाच्या तरी खांद्यावर दिसायची.

बुवांची बोटं आता वळत नसत. कोंब आलेला कांदा ते तळहाताने ढकलून बाजूला करत.

"ऐकलंत का?"

"ऐकलं."

"मग सांगा ना."

"तू सांग. मी ऐकतोय."

कुमुदने मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरली. बारा वर्षं ती दर गुरुवारी इथे येत होती. बुवा प्रवचन देत नाहीत, अंगारा देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण आज तिला एकच वाक्य हवं होतं. 'तुझं काही चुकलं नाही.' एवढं बुवांनी म्हटलं असतं तर ती पाया पडून उठली असती आणि कदाचित रात्री झोपलीही असती.

"आईला स्वेटर घ्यायचा होता," ती म्हणाली. "तिचे हात वर जात नव्हते, म्हणजे पुढून उघडणारा हवा. ऊबदार हवा, पण अंगावर जड नको. रंग जरा उठावदार. म्हाताऱ्या माणसांना सगळे आपले मातकट नाहीतर राखाडी रंग आणून देतात, तसं मला नको होतं. माझी आई किती नीटनेटकी राहायची, तुम्ही पाहिलंय. आणि भाव वाजवी. जास्त मागणं होतं का हे?"

"नाही."

"मग? जिवाचं रान केलं मी त्यासाठी."

"केलंस," बुवा म्हणाले, आणि पुढचा कांदा उचलला.

खरेदीत कुमुदचा हात धरणारं त्यांच्या गल्लीत कुणी नव्हतं. थंडीची चाहूल लागली की बायका तिच्या दारात यायच्या. 'कुमुदताई, तुम्ही चला हो बरोबर, आम्हाला मेले फसवतात.' कुमुद स्वेटर आधी उलटा करायची. शिवण आतून बघायची. दोन बोटांत लोकर चोळायची, बाही हलकेच ताणून सोडायची आणि ती जागच्या जागी परत येते का ते पाहायची. मग उजेडात धरायची. दुकानदाराने तोंड उघडायच्या आत तिचा निकाल तयार असायचा. ती नाही म्हणाली की बाकीच्या बायकाही वळायच्या.

"कुठं कुठं गेलीस?" बुवांनी विचारलं.

"इथला आठवडी बाजार केला. मग पिंपळगाव. मग नाशिकला चार खेपा."

"चार..."

"पाच."

"मिळाला?"

"मिळाला की!" तिच्या आवाजात क्षणभर जुना तोरा आला. "नाशिकला ते तिबेटी लोक पालं लावतात ना थंडीत, तिथे. शेवटून दुसरं पाल. पेमा म्हणून एक बाई बसते. मोरपंखी रंग, बुवा! पुढून चेन, गळ्याला उभी पट्टी, दोन्ही बाजूंना खिसे. शिवण अशी की उलटा घातला तरी चालेल. बघताक्षणी म्हटलं, हाच."

"घेतलास."

कुमुदची नजर पिशवीकडे गेली.

"त्यांचा भाव एकच असतो," ती म्हणाली. "घासाघीस चालत नाही. पण संक्रांत झाली की ती माणसं गावाकडे परतायला लागतात. गठ्ठे परत न्यायला नको म्हणून शेवटच्या आठवड्यात भाव उतरवतात. निम्म्यावर येतात कधी कधी. हे सगळ्यांना माहीत नसतं. मला माहीत होतं. पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता! मी पेमाला म्हटलं, हा मागे ठेव, मी येते."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार, विकणारी बाई ती. म्हणाली, 'दीदी, थंडी तर आज आहे. माँ को आज पहनाओ.' मी हसले. म्हटलं, तू विकण्यात पक्की, मी घेण्यात पक्की."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज पार लांब गेला.

"आई भोगीला गेली," कुमुद म्हणाली. "सकाळी. मी तव्यावर तिळाची भाकरी टाकली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, झोपेत गेल्यासारख्या गेल्या, काही त्रास नाही. सगळे हेच म्हणाले. चांगलं मरण आलं म्हणाले..."

बुवांचा हात कांद्यांवर थांबला होता.

"तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी नाशिकला गेले. का गेले, माहीत नाही. कुणाला सांगितलं नाही. पालं निघत होती. पेमा गठ्ठे बांधत होती. मला बघितल्याबरोबर तिने मागून तो स्वेटर काढला. भाव मी म्हटलं होतं तितकाच उतरला होता, बरोबर तितकाच. मी घेतला. आणि तिने विचारलं, 'माँ कशी आहे?'"

"मग?"

कुमुदने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मी म्हटलं, बरी आहे."



तिने पिशवीतून स्वेटर बाहेर काढला. अजून कोऱ्या प्लास्टिकमध्येच होता. दुपारच्या पांढऱ्या उजेडात त्याचा मोरपंखी रंग डोळ्यांत भरला.

"हा घरात ठेववत नाही आणि कुणाला देववत नाही. म्हणून तुमच्याकडे आणला. तुम्ही नाही म्हणू नका, बुवा. बाकीच्यांच्या शाली तुम्ही वाटून टाकता, हरकत नाही. हा एवढा तुम्ही वापरा."

मठाची झाडलोट बघणारा रखमाजी पाण्याची घागर घेऊन येत होता. तो पायरीवरच थबकला.

"ताई, एवढ्या उन्हात स्वेटर? बुवांना उकडून काढायचं ठरवलं का काय?"

"तू घागर ठेव," बुवा म्हणाले.

"ठेवतो. पण रंग बाकी झ्याक आहे. आमच्या मंडळीला शोभंल."

"रखमाजी..."

"ठेवली, ठेवली." घागर ठेवून तो आत गेला.

बुवांनी पुडकं हातात घेतलं. प्लास्टिकवरूनच तळहात फिरवला. अगदी मन लावून पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले.

"आहे ना?" कुमुदचे डोळे भरून आले. "मी म्हटलं नव्हतं?"

"नजर आहे तुला."

त्यांनी ते पुडकं कांद्यांपासून दूर, स्वच्छ जागा बघून ठेवलं.

"आणि जुना कुठाय?"

"कुठला जुना?"

"हा येईपर्यंत आई काय घालत होती?"

"तो होय! तो तपकिरी. तोही आहे पिशवीत. धुऊन आणलाय. रखमाजींना सांगून एखाद्या गरजूला द्यावा म्हटलं. कोपरात विरलाय, पण एखादी थंडी निघेल."

"किती बटणं आहेत त्याला?"

कुमुदने मान वर केली. "काय?"

"बटणं. किती?"

"पाच..." ती म्हणाली. मग थांबली. "पाचच असावीत."

बुवा वाट बघत राहिले.

लोकर नुसती चोळून भेसळ सांगणारी कुमुद. परक्या दुकानातल्या, कधीही न घेतलेल्या स्वेटरांच्या शिवणी तिला वर्षानुवर्षं आठवायच्या. आणि हा तपकिरी स्वेटर नऊ-दहा वर्षं तिच्या घरात होता. तिच्याच दोरीवर वाळत होता.

तिला एकदम सकाळची आई दिसली. दारापुढच्या कट्ट्यावर, कोवळ्या उन्हात. संधिवाताने बोटं अशी झाली होती की बटण काजात जाईना. मग ती स्वेटरच्या दोन्ही कडा एका मुठीत धरून बसायची. तास तास बसायची तशीच. मूठ छातीशी.

आणि आपण चप्पल पायात सरकवत होतो.

'कुमुद, जाताजाता एवढी बटणं...'

'आल्यावर लावते गं आई. पावणेदहाची बस आहे. तुझ्यासाठीच चाललेय ना? आता असा आणते बघ, बटणांची कटकटच नाही. सर्रकन चेन ओढली की झालं.'

'बरं, बरं. जा तू. तुला उशीर होईल.'

पाच खेपा. दर खेपेला हेच. एकदा तर ती कोपऱ्यावरून मागे वळली होती, पैशांचं पाकीट विसरलं म्हणून. आई तशीच बसलेली. मूठ छातीशी. पाकीट घेऊन कुमुद पुन्हा तिच्या पुढ्यातूनच पळत गेली होती.

"मला आठवत नाही, बुवा," ती म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता. "किती बटणं, ते मला आठवत नाही."

बुवांनी हात पुढे केला.

"दे."

"काय देऊ?"

"तपकिरी."

तिने पिशवीच्या तळातून जुना स्वेटर काढला. धुऊन धुऊन त्याची लोकर मऊ पडली होती. तिने सवयीने घडी मोडून तो झटकला आणि बुवांच्या हातात दिला.

बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीवर टाकलं. मग एक हात बाहीत घातला. दुसरा सापडेना, तेव्हा कुमुदने नकळत पुढे होऊन बाही धरली. भर चैत्रातल्या दुपारी, जिथे सावलीतली फरशीही पोळत होती तिथे, पंच्याऐंशी वर्षांचे बुवा तिच्या आईचा स्वेटर घालून उभे राहिले. खांद्यात तो आखूड होत होता. बाह्या मनगटापर्यंत पोचत नव्हत्या.

"बुवा, अहो, जीव जाईल या उकाड्यात..."

बुवांनी स्वेटरच्या दोन्ही कडा एका मुठीत धरल्या. मूठ छातीशी नेली. आणि तिच्याकडे बघत उभे राहिले.



आतून रखमाजी दारात आला, बुवांना बघून काही बोलणार होता. मग त्याने कुमुदचा चेहरा पाहिला आणि तो तसाच मागे सरला.

"लाव," बुवा म्हणाले.

ती पुढे झाली. बुवांनी मूठ सोडली. तिने खालून सुरुवात केली. पहिलं बटण. काज सैल पडलं होतं, बटण लगेच गेलं. दुसरं. बुवांच्या कपाळावरून घाम निथळत होता, भुवयांत अडकत होता. ते हलले नाहीत. तिसरं.

चौथं वेगळं होतं. निळं, चपटं, चार भोकांचं, पांढऱ्या दोऱ्याने घट्ट शिवलेलं. बोटं धड होती तेव्हा आईनेच कधीतरी शिवलेलं असणार.

कुमुदने ते अंगठ्याखाली धरलं. तिच्या शाळेच्या निळ्या स्कर्टचं होतं ते. कमरेचं. तो स्कर्ट कधीच विरून फाटला होता. बटण आईने ठेवून दिलं होतं.

...

तिला पुढचं दिसेनासं झालं. हाताने चाचपत तिने ते निळं बटण लावलं, मग पाचवं लावलं. सगळ्यात वर, गळ्याशी, एक बटण उरलं. सहावं. त्याच्यासाठी काज उरलं नव्हतं. खाली कुठंतरी पहिल्याच बटणाला चूक झाली होती. स्वेटरची एक कड वर चढली होती, एक खाली लोंबत होती.

"चुकलं," ती म्हणाली. "चुकलं, बुवा. पहिल्यापासून चुकलं..." तिची बोटं घाईघाईने बटणं सोडवू लागली. एक निघालं, दुसरं अडकलं. तिने ते ओढलं. "थांबा हं, आत्ता लावते. घामाने भिजलात तुम्ही. आत्ता होईल, एका मिनिटात..."

बुवांनी आपला न वळणारा हात तिच्या हातांवर ठेवला.

"सावकाश लाव, पोरी. मला कुठं जायचंय."