सातवा रकाना

खाडीकाठच्या एका गावातून एकदा एक बाई काथ्याची पायपुसणी परदेशी पाठवायला निघाली. तिचे नाव शेवंती धुरी. गावातली शाळा मुलांअभावी बंद पडली होती. तिच्या दोन खोल्या शेवंतीने ग्रामपंचायतीकडून मागून घेतल्या आणि अकरा बायकांना जोडीला घेऊन काम सुरू केले. नारळावरची तंतुमय सोडणे भिजत घालायची, कुटायची, सुंभ वळायचे आणि विणायचे. सहा वर्षे हा माल जत्रांत आणि सरकारी प्रदर्शनांत विकला गेला. मग अशाच एका प्रदर्शनात उत्तर युरोपातल्या एका थंड देशाचा दुकानदार आला. त्याने पायपुसणे हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले, दोन्ही हातांनी ओढून पाहिले आणि दोन महिन्यांनी, तिकडच्या सणातल्या विक्रीसाठी, त्याची मागणी आली. चारशे नग. शाळेच्या भिंतीवरच्या जुन्या नकाशात तो देश शोधण्यात बायकांची अर्धी दुपार गेली.

चारशे नग वेळेवर झाले. बंदरातल्या गोदामात जाऊनही पडले. अडले ते एका दाखल्यापाशी. हा माल याच देशात तयार झाला आहे, असा सरकारी दाखला सोबत असेल, तर त्या थंड देशात आयातकर माफ होता. दाखला नसेल तर दुकानदार माल घेणार नव्हता, आणि तसे त्याने आधीच कळवले होते.

दाखला देणारे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीने दोन तासांवर. अर्ज संगणकावर भरायचा, छापून घ्यायचा, खिडकीवर द्यायचा. शेवंती तीनदा गेली. तीनदा अर्ज परत आला आणि तिन्ही वेळा त्यावर एकच शब्द होता : अपूर्ण. काय अपूर्ण, ते लिहिलेले नसे, आणि विचारायला वाकावे तोवर मागचा माणूस आपला कागद खिडकीत सारत असे. मदतीसाठी दिलेल्या क्रमांकावर तिने फोन केला. तिथून तिला एक पुस्तिका वाचायला सांगण्यात आले. पुस्तिका कुठे मिळेल, हे मात्र सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

रविवारी सकाळी ती केळुसकर सरांकडे गेली. सर त्याच खात्यातून फार वरच्या पदावरून निवृत्त झालेले. वय अठ्ठ्याहत्तर. छोट्या उद्योगांसाठीच्या किती योजना त्यांच्या हाताखालून गेल्या, याची त्यांनाही आठवण नव्हती. निवृत्तीनंतर गावी येऊन दर रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर ते वर्ग घेत. उद्योग कसा नोंदवावा, परवाना कसा काढावा, सरकार कुठे कुठे साहाय्य करते, हे सारे समजावून सांगत. शेवंती त्या वर्गाची सर्वांत जुनी विद्यार्थिनी.

"सर, मी थकले," ती पायरीवर बसत म्हणाली. "रडायला यावं, एवढंही बळ उरलं नाही. तुम्ही एक फोन करा. तिथले साहेब तुमच्याच हाताखाली तयार झालेत."

सरांनी तिचे तिन्ही अर्ज पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "उद्या पहिल्या एसटीने जाऊ. मी येतो."

शेवंतीला हायसे वाटले. सर स्वतः येणार म्हणजे सरळ साहेबांच्या खोलीत जाणार, असे ती धरून चालली.

सोमवारी कार्यालय उघडण्याआधी दोघे दारात होते. दार उघडले, आणि सर साहेबांच्या खोलीकडे वळलेच नाहीत. त्यांनी यंत्रातून टोकन काढले आणि भिंतीलगतच्या बाकड्यावर जाऊन बसले. त्यांच्याआधीही बरीच माणसे येऊन थांबली होती; टोकनचा आकडा होता अडतीस. शिपायाने त्यांना ओळखले आणि लगबगीने पुढे आला. सरांनी मान हलवून त्याला परत पाठवले.

"सर, आत जाऊ या ना," शेवंती हळूच म्हणाली.

"नंबर येईल," सर म्हणाले. "आलेला माणूस त्याच दिवशी काम करून परत जावा, असा नियम आहे इथे. मीच केलेला."

शेजारी रशीद होडेकर म्हणून एक गृहस्थ बसले होते. होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग ते परदेशातून मागवत. मासेमारीचा हंगाम सुरू झाला होता, आणि त्यांच्या भरवशावर तीन होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. त्यांचाही अर्ज दोनदा परत आला होता.

"कारण काय देतात?" सरांनी विचारले.

"कारण?" होडेकर हसले. त्या हसण्यात कडवटपणाही नव्हता, नुसती सवय होती. "चाचा, इथं कारण विचारायला वेगळं टोकन लागत असेल."

खिडकी अकरापर्यंत उघडली नाही, कारण संगणक चालत नव्हता. मग उघडली. एकेक माणूस जाई आणि कागदाकडे पाहत परत येई. सर प्रत्येकाला जवळ बोलावून त्याचा अर्ज बघत. आधी ते काहीतरी समजावत होते. दुपारनंतर ते नुसते बघू लागले. जिन्याखाली सुतळीने बांधलेले पुस्तिकांचे गठ्ठे होते, त्यांवर धूळ साचली होती. सर उठून तिथे गेले आणि एका गठ्ठ्याची सुतळी सोडून एक पुस्तिका काढून आणली. पहिल्या पानावर प्रस्तावना होती, आणि प्रस्तावनेखाली त्यांचेच नाव. त्यांनी ती मिटून पिशवीत ठेवली.

खिडकी बंद झाली तेव्हा एकोणतिसावा क्रमांक चालू होता.

परतीच्या एसटीतून उतरताना शेवंतीला राहवले नाही. "जहाज बावीसला सुटतं, सर. कागद उद्या दुपारी बारापर्यंत बंदरावर पोचायला हवेत, असं तिथला एजंट म्हणतो. नाही पोचले, तर माल इथंच राहतो. अकरा घरं आहेत माझ्यामागे. तुम्हाला हे माहीत असून तुम्ही दिवसभर बाकड्यावर बसलात."

सरांना चालताना त्रास होत होता.

मंगळवारी दोघे पुन्हा गेले. कालच्यांना कालचेच टोकन चालणार होते, तरी त्यांच्यापुढे नऊ जण होते. संगणक पुन्हा रुसलेला. घड्याळात साडेदहा झाले तेव्हा सरांनी खिशातून फोन काढला आणि हातात धरला.

"शेवंती," ते म्हणाले, "काल सकाळी मला खरंच वाटलं होतं, की दिवसभरात काम होईल. माझी चूक झाली. आता तू म्हणत असशील तर मी फोन करतो. पाच मिनिटांत तुला आत बोलावतील. सांग."

तिने घड्याळ पाहिले. मग बाकडे पाहिले. होडेकर भिंतीला डोके टेकून, डोळे मिटून बसले होते. त्यांच्या पलीकडे काजूगर विकणारे एक म्हातारे दांपत्य होते, आणि त्या बाईने घरून आणलेली भाकरी पदराखाली झाकून धरली होती. शेवंतीने तोंड उघडले; पण 'करा' हा शब्द तिच्या तोंडून निघेना. पुढे तिने सांगितले, की त्यात काही थोरपणा नव्हता. ती इतकी दमली होती, की या सगळ्यांच्या समोरून उठून आत जाण्याइतकेही त्राण तिच्यात नव्हते.

"बसू या," ती म्हणाली.

सरांनी फोन खिशात ठेवला. बारा वाजून गेले.

तिचा क्रमांक आला तेव्हा दोन वाजले होते. खिडकीमागे मेस्त्री नावाचे पन्नाशीचे कारकून होते, कंबरदुखीचा पट्टा बांधलेले. त्यांनी अर्ज घेतला, नजर एका जागी नेली आणि शिक्का उचलला.

"थांबा," सर खिडकीशी वाकून म्हणाले. "काय अपूर्ण आहे, तेवढं सांगता?"

मेस्त्रींनी वर पाहिले. त्यांनी सरांना ओळखले नाही. "रकाना सात. 'कच्चा माल कोठून प्राप्त केला?' बाईंनी लिहिलंय, 'शेजारच्या गावातून, नारळाच्या सोडणांपासून.' तिथं देशाचं नाव हवं. भारत. एवढंच."

"एवढंच?" शेवंतीच्या तोंडून निघाले.

"एवढंच. सगळेच चुकतात. कोणी तालुका लिहितो, कोणी व्यापाऱ्याचं नाव."

"मग अर्जावर 'कोणत्या देशातून' असं का नाही विचारलं?"

"बाई, मी विचारत नाही. कागद विचारतो." मेस्त्रींचा आवाज चढला नाही, तो चढण्याच्या पलीकडे गेलेला होता. "दिवसाला साठ अर्ज येतात. प्रत्येकाला सांगत बसलो तर वीससुद्धा होणार नाहीत, मग वरून विचारणा होते. हा अर्जाचा नमुना ज्याने तयार केला त्याने एकदा इथं बसायला हवं होतं."

"तो नमुना मी तयार केला," सर म्हणाले.

मेस्त्री बघतच राहिले. मग त्यांची नजर सरांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या हातातल्या टोकनवर गेली. त्यांनी अर्ज आणि पेन खिडकीतून शेवंतीपुढे सरकवले. तिने 'भारत' असे लिहिले. सायंकाळी चार वाजता दाखला तिच्या हातात होता.

जहाज चुकले.

एसटी स्टँडवर चहा घेऊन दोघे बसले. दाखला शेवंतीच्या मांडीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"सर, रागाने नाही विचारत," ती म्हणाली. "पण तुम्ही पहिल्याच दिवशी फोन का केला नाहीत?"

सरांनी चहा संपवला. "चौतीस वर्षांत असे फोन मी पुष्कळ केले, शेवंती. प्रत्येक फोनने एक माणूस सुटला. तो दुवा देऊन गेला, आणि मलाही वाटलं, की आपण उपयोगी आहोत. सातवा रकाना मात्र जिथे होता तिथेच राहिला. रविवारी तुझे तिन्ही अर्ज पाहिले, आणि तीनदा वाचूनही मला त्यात चूक सापडली नाही. तो रकाना मी एका दुपारी खोलीत बसून लिहिला होता. मला तो अगदी स्पष्ट वाटला होता. ज्याला उत्तर ठाऊक असतं, त्याला प्रश्न स्पष्टच दिसतो. म्हणून मला बाकड्यावर बसायचं होतं. तिथून काय दिसतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं."

ते थांबले. मग म्हणाले, "पण त्या पाहण्यापायी तुझं जहाज गेलं. त्याचं मी कोणतंही स्पष्टीकरण देणार नाही. ती माझी चूक, आणि ती माझ्यापाशीच राहू दे."

शेवंतीचा राग गेला नव्हता. पण त्याला धरून ठेवण्याचीही तिच्यात ताकद नव्हती. थोड्या वेळाने तिने सरांच्या हातातला रिकामा कप घेतला आणि आपल्या कपासह टपरीवर नेऊन ठेवला.

माल दहा दिवसांनी दुसऱ्या जहाजाने गेला. तो पोचेपर्यंत त्या देशातला सण उलटून गेला होता. दुकानदाराने अडीचशे नग ठेवून घेतले आणि उरलेल्यांबद्दल दिलगिरीचे पत्र पाठवले. पुढच्या वर्षी पाहू, असे त्यात होते. बायकांनी ते पत्र ऐकले आणि पुन्हा सुंभ वळायला घेतले. होडेकरांचा अर्जही त्याच मंगळवारी, त्याच रकान्यात देशाचे नाव लिहून मार्गी लागला.

सरांनी खात्याला पत्र लिहिले. सूचना विचाराधीन आहे, असे उत्तर आले. मेस्त्री मात्र उत्तराची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी एका कोऱ्या कागदावर जाड अक्षरांत 'रकाना ७ : देशाचे नाव लिहावे' असे लिहून तो खिडकीच्या काचेवर चिकटवला. त्याला कोणाची मंजुरी नव्हती. शेवंती पुढे एकदा गेली तेव्हा तो तिथेच होता, आणि रांग निम्म्याने कमी होती. एवढ्या वर्षांत हे का सुचले नाही, असे तिने विचारले. मेस्त्री म्हणाले, "काय अपूर्ण आहे, ते थांबून कोणी विचारलंच नाही हो. आणि मला कोणाशी बोलायची शक्ती नव्हती."

दुसऱ्यासाठी साहाय्य उभे करणाऱ्याने कधीतरी ते मागणाऱ्याच्या जागी जाऊन बसावे. नाहीतर दोन्ही बाजूंची माणसे थकत राहतात आणि साहाय्य जिन्याखाली पडून राहते.

त्या मंगळवारनंतरच्या रविवारी ओट्यावर नेहमीप्रमाणे वर्ग भरला. चौदा माणसे आली होती. सर उभे राहिले नाहीत. सतरंजीवर सर्वांच्या मधोमध ते बसले, चष्मा पुसला, गुडघ्यावर वही उघडली.

"आजवर मी सांगत आलो," ते म्हणाले. "आज तुम्ही सांगा. कुठे अडलात, काय वाचलं आणि काय समजलं नाही. शेवंती, तुझ्यापासून सुरुवात कर."

ती क्षणभर गोंधळली. "सर, तुम्ही लिहून घेणार?"

"हो," सर म्हणाले. "सावकाश सांग."