वाढवायला दिलेली अंडी

हूं म्हणत राहा रे, नाहीतर मीच झोपेन. तर झालं काय, एका डोंगराखाली होतं देऊळ. देवळात पूजा करायचा येसाजी गुरव. बायको नव्हती बिचाऱ्याला. एकुलती एक लेक, जाई. तिच्यात त्याचा जीव.

डोंगरात राहायची एक दातपाखरीण. हसलास? हसू नकोस. मोराएवढी होती, अंगभर पिसं, पण चोच नाही, तोंडभर दात! आणि पायाला विळ्यासारखं नख. सरडे, उंदीर फाडून खायची. माणसाच्या वाटेला जायची नाही बरं का.

मग डोंगर धुमसायला लागला. राख पडू लागली. दातपाखरिणीची तीन अंडी होती, नारळाएवढी. एकेक करून तिनं ती देवळाच्या उंबऱ्यावर आणून ठेवली.

"बाबा, एवढं वाढवा. मी नवी जागा बघून येते."

गुरव पाठमोरा, देवाला आंघोळ घालत होता. "ठेव बाई," म्हणाला.

आता देवळात नारळ फोडा असं कुणी म्हणतं का? छे, अभद्र! वाढवा म्हणतात. त्या रानातल्या बाईला काय ठाऊक! त्यात अंडी राखेनं माखलेली, गाभाऱ्यात अंधार.

मग गुरवानं नारळ समजून पहिलं उचललं, दगडावर आपटलं. फट्! हाताला चिकट लागलं. 'नासका दिसतोय,' म्हणून बाजूला सारलं. मग दुसरं. फट्! आतून आवाज आला, चीं. ओलं पिल्लू, इवले इवले दात. दोनदा तोंड उघडलं आणि गेलं.

"देवा, काय केलं मी हे!"

मग तिसरं त्यानं जाईच्या गोधडीत दिलं. "पोटाशी धर गं बाय, हलू नकोस." पोरीनं धरलं.

मग दातपाखरीण आली. "वाढवलीत, बाबा?"

गुरवानं फुटकं अंडं आणि मेलेलं पिल्लू ओंजळीत धरून पुढे केलं. खोटं बोलायला जीभच वळेना. ती रडली नाही रे, तिला रडता येत नव्हतं.

"माझी दोन गेली. तुझी एक दे." तिनं जाईवर नख उगारलं.

गुरव मध्ये पडला. "पोरीनं काय केलंय? हा हात पापी, हा घे!"

तिनं घेतला. मनगटापासून तोडला. तरी डोळा जाईवरच.

तेवढ्यात गोधडीत तडकलं. जाईनं पिल्लू पुढे केलं. "मावशी, हे तुझं."

मग दातपाखरिणीनं नख खाली घेतलं. पिल्लू अलगद तोंडात धरलं आणि राखेतून निघून गेली.

डोंगर निवला. जखम भरली. जाई पूजा करायची, बापाला भरवायची. येसाजी रोज आधी उंबऱ्यावर दोन घास ठेवायचा, त्या दोन लेकरांच्या नावानं. घरात सुख होतं, खोटं कशाला बोलू? पण त्या घासांना कावळा कधी शिवला नाही.

निजा आता. दिवा मी बघते.